पुणे की मिरज? एका परिचारिकेच्या आईने पाहिलेली दोन शहरे

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रसंग येऊन गेला असेल. मुलाला किंवा मुलीला परगावी नोकरी मिळते. पगार, घरभाडे, सामानाचा टेम्पो यांचे हिशेब मांडले जातात आणि सर्वांत शेवटी घरातल्या वृद्ध माणसाला विचारले जाते, "तुम्हाला काय वाटतं?" वृद्ध माणूस उत्तर देतो, "माझं काय, तुम्ही न्याल तिथं येईन." हे उत्तर ऐकायला मोठे समंजस वाटते. मीही ते आयुष्यभर देत आले. गेल्या वर्षी मात्र, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, या उत्तरामुळे माझ्या लेकीची किती कोंडी होत होती ते मला एका प्रवासात उमगले. त्या प्रवासाची हकीकत आपल्यासाठी लिहीत आहे.

आम्ही सोलापूरच्या. घरात दोघीच. मी निवृत्त शिक्षिका, लेक परिचारिका. ज्या छोट्या रुग्णालयात तिने सोळा वर्षे काम केले, तेथील डॉक्टरांनी वयोमानामुळे ते बंद करण्याचे ठरवले. तिने दोन ठिकाणी मुलाखती दिल्या आणि एकाच आठवड्यात दोन्हीकडून होकार आला. एक नोकरी पुण्याच्या मध्यवर्ती भागातल्या मोठ्या खासगी रुग्णालयात, दुसरी मिरजेतल्या मध्यम आकाराच्या रुग्णालयात. पुण्याचा पगार अधिक, शिवाय हृदयरोग अतिदक्षता विभागात काम शिकण्याची संधी. मिरजेचा पगार जवळपास चतुर्थांशाने कमी. उत्तर कळवण्यास पंधरा दिवसांची मुदत होती. "दोन्ही गावं डोळ्यांनी पाहू आणि मग ठरवू," असे लेक म्हणाली. सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा नुकतीच संपली होती, हवाही बरी होती. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी बांधून आम्ही निघालो.

पुणे : ओळखीचे, पण लांबलचक

हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना भिगवणच्या आसपास उजनीचे पाणी दिसते. हिवाळ्यात त्या पाणथळीवर रोहित पक्षी येतात. ते पाणी दिसले की मला नेहमी पुणे जवळ आल्यासारखे वाटते, कारण पुण्यात माझी थोरली बहीण आहे. सदाशिव पेठेत, जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर अक्का राहते. वय ऐंशीच्या पुढे.

पुण्याने वृद्ध माणसाला देण्यासारखे पुष्कळ राखून ठेवले आहे, हे मी मोकळ्या मनाने सांगते. सकाळी मी सारसबागेत गेले. तळ्यातल्या गणपतीचे दर्शन घेऊन बाकावर बसले, तर दहा मिनिटांत तीन समवयस्क बायकांशी ओळख झाली. एकीचा मुलगा अमेरिकेत, दुसरीची मुलगी जर्मनीत. तिघींनाही कोणत्या दुखण्यासाठी कोणत्या डॉक्टरांकडे जावे हे तोंडपाठ होते. दुपारी लेकीने मला स्वारगेटहून मेट्रोने फिरवून आणले. फलाटापर्यंत लिफ्ट, बसायला जागा, थंडगार डबा. गुडघ्यांना असा प्रवास फार दिवसांनी लाभला. "आई, इथं तू रमशील," असे लेक म्हणाली. मी मान हलवली.

मग आम्ही घरे पाहिली. रुग्णालयाजवळ जी खोली परवडण्यासारखी होती, ती तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टशिवाय. तिचेही भाडे पगाराचा निम्मा भाग खाणारे. तळमजल्यावरचे, उजेडाचे, दोन खोल्यांचे घर मिळाले ते थेट धायरीला. घर छान होते. घरमालकीणबाई प्रेमळ होत्या.

येथे लेकीने एक गोष्ट केली. तिचे अनुकरण आपण सर्वांनी करावे, असे मला वाटते. संध्याकाळी साडेसहा वाजता तिने मला त्या घराच्या ओट्यावर बसवले आणि म्हणाली, "मी आता रात्रपाळीला निघाले असं समज. रुग्णालयाच्या दारापर्यंत जाते आणि परत येते." रात्रपाळी आठला सुरू होते. ती सिंहगड रस्त्याने निघाली आणि रुग्णालयाच्या दारात पोचली तेव्हा सात चाळीस झाले होते. परत आली तेव्हा रात्रीचे नऊ वाजत आले होते.

ते अडीच तास मी ओट्यावर होते. घरमालकीणबाई थोडा वेळ बोलल्या आणि मग त्यांच्या मालिकेची वेळ झाली. फाटकाबाहेर पदपथ नव्हता. औषधांचे दुकान समोरच दिसत होते, पण मध्ये वाहनांचा लोंढा होता. मी दोनदा रस्ता ओलांडायला उठले आणि दोनदा परत येऊन बसले. लेकीला मी यातले काही सांगितले नाही. ती आली तेव्हा "छान हवा आहे इथं," एवढेच म्हणाले.

अक्काच्या घरी परतल्यावर मला आणखी एक गोष्ट कळली. गेल्या सात-आठ महिन्यांत अक्का चारच वेळा जिना उतरली होती, तीही डॉक्टरांकडे जाण्यासाठी. धायरीहून तिच्याकडे यायचे तर मला रिक्षा, बस आणि पुढे तीन जिने. आम्ही बहिणी एका शहरात राहिलो असतो. पण भेटलो असतो किती वेळा?

मिरज : रुग्णांच्या वाटेवरचे गाव

मिरजेला आम्ही एसटीने गेलो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास विनामूल्य आहे आणि महिलांना निम्मे तिकीट. त्यामुळे दोघींचे मिळून अर्धेच तिकीट लागले. मंगळवेढ्याची काळी रानं, ज्वारीची ताटे, सांगोल्याच्या डाळिंबबागा, कवठेमहांकाळकडची द्राक्षे असे करत सुमारे दोनशे किलोमीटरचा रस्ता संपतो.

मिरजेच्या बसस्थानकावर उतरताच रिक्षावाल्याने विचारले, "कुठल्या दवाखान्यात?" या गावात परका माणूस बहुधा उपचारांसाठीच येतो. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी येथे मिशन हॉस्पिटल उभारले, तेव्हापासून मिरज वैद्यकीय गाव म्हणून नावारूपाला आले. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर या चारही दिशांचे लोहमार्ग येथे मिळतात. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी घेऊन गेलेली रेल्वेगाडी याच जंक्शनातून सुटली होती. या लोहमार्गांवरून कर्नाटकातले, कोकणातले, आमच्या बाजूचे रुग्ण सव्वाशे वर्षे उलटली तरी येतच आहेत. क्ष-किरण फोटोची पिशवी हातात, डोक्याला टॉवेल, बोलण्यात कानडी आणि मराठी मिसळलेली, अशी माणसे रस्त्यावर पावलोपावली दिसतात. आजारी माणसाबरोबर कसे चालावे, हे या गावातल्या रिक्षावाल्यांना आणि चहावाल्यांना ठाऊक आहे. मी उतरताना रिक्षावाल्याने न सांगता हात पुढे केला.

उणिवाही सांगायला हव्यात. रस्त्यांवर धूळ फार, पदपथ येथेही तुटके. माझ्या ओळखीचे एकही माणूस नाही. कृष्णेच्या पुराचे भय वेगळेच. २००५ आणि २०१९ च्या पुरांनी सांगली-मिरजेला काय सोसावे लागले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. म्हणून घर पाहताना आमचा पहिला प्रश्न भाड्याचा नव्हता. "२०१९ ला इथं पाणी आलं होतं का?" असे आम्ही मालकांना विचारले आणि तोच प्रश्न शेजारच्या किराणा दुकानात आणि पलीकडच्या गिरणीतही विचारला. "पाणी खाली कृष्णाघाटाकडं होतं, इकडं नाही," असे तिन्ही ठिकाणी उत्तर मिळाले, तेव्हा आम्ही आत पाऊल टाकले. तळमजल्यावर दोन खोल्या, स्वच्छतागृह घरातच, मागे पेरूचे झाड.

लेकीने पुन्हा तोच प्रयोग केला. मला खुर्चीवर बसवून ती संध्याकाळी ड्यूटीच्या वेळेला निघाली. चालत गेली आणि चालत आली. पंचवीस मिनिटे लागली. मी तोवर उठून कोपऱ्यावरच्या औषध दुकानापर्यंत जाऊन आले होते. कोणी सांगितले नव्हते. जाता आले म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी वेळ होता, म्हणून सतारमेकर गल्लीत गेलो. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दुकानांत छताला वाळलेले मोठे भोपळे टांगलेले होते. हे भोपळे कोठून येतात असे मी विचारले, तर कारागीर म्हणाले, "तुमच्याच जिल्ह्यातून. पंढरपूरकडून." मला उगीच बरे वाटले. तेथून मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. १९३७ साली ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात येथे दरवर्षी संगीतसभा होते. आवारातल्या सावलीत मी अर्धा तास बसले. कोणी ओळखीचे नव्हते आणि त्या अर्ध्या तासात मला त्याची खंतही वाटली नाही.

सांगोल्याचा चहा

परतीच्या वाटेवर सांगोल्याला गाडी थांबली. चहा घेताना लेक म्हणाली, "मग आई, पुण्याला होकार कळवते."

"कळव," मी म्हणाले.

ती थोडा वेळ कपाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तिथं मावशी आहे. तुला करमेल. माझं काय, मी जाईन-येईन."

माझेच वाक्य तिच्या तोंडून आले आणि मी चमकले. मी विचारले, "तुला स्वतःला पुणे हवं आहे का?"

"तुला हवं आहे ना?"

"मला वाटलं, तुला हवं आहे. पगार आहे, शिकायला मिळणार आहे."

वाचकहो, आम्ही दोघी एकमेकींसाठी एक शहर पसंत करत होतो आणि दोघींपैकी कोणालाही तेथील धायरीचे घर मनातून नको होते. सांगोल्याला गाडी दहा मिनिटे थांबली नसती, तर आम्ही ते घर घेतले असते आणि पुढे वर्षानुवर्षे एकमेकींचे उपकार मानत राहिलो असतो.

मग ती मनातले बोलली. "रात्रपाळी संपवून सव्वा तास बसमध्ये उभं राहायचं मला भय वाटतं, आई. डोळे मिटत असतात. आणि तू घरात एकटी आहेस हा विचार बारा तास डोक्यात असतो. त्यात येण्याजाण्याचे तास वाढले, तर माझ्या हातून रुग्णाच्या औषधात चूक होईल."

तेव्हा मलाही बोलणे भाग पडले. गेल्या तीन महिन्यांत, ती रात्रपाळीला असताना, पहाटे स्वच्छतागृहाकडे जाताना माझा दोनदा तोल गेला होता. एकदा दाराला धरले, एकदा भिंतीला टेकले. पडले नाही, म्हणून सांगितले नाही. तिला काळजी नको, हे कारण मी मनाशी धरून बसले होते.

ती रागावली नाही. एकदम परिचारिका झाली. उठल्याबरोबर तोल गेला की चालताना? त्या रात्री रक्तदाबाची गोळी किती वाजता घेतली होती? डोळ्यांपुढे अंधारी आली का? सोलापूरला पोचल्यावर तिने माझा रक्तदाब आधी झोपलेल्या स्थितीत आणि मग उभे केल्यावर मोजला. उभे राहिल्यावर तो बराच खाली येत होता. आमच्या डॉक्टरांनी तपासून गोळीचे प्रमाण आणि वेळ बदलली. अंथरुणातून उठताना आधी कडेला मिनिटभर बसावे, पाय हलवावे आणि मगच उभे राहावे, हे त्यांनी मला शिकवले. आपल्यालाही असे होत असेल, तर गोळी परस्पर बंद करू नका आणि ते लपवूही नका.

रात्री अक्काला फोन केला. मिरज म्हटल्यावर ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "माझ्यासाठी शहर निवडू नकोस. रोज दुपारी चारला फोन कर आणि दिवाळीला आठ दिवस ये." मला रडू आले, हे लपवत नाही. मिरज निवडताना मी बहिणीच्या शहरात राहण्याची शेवटची संधी सोडली. लेकीने अतिदक्षता विभागातले शिक्षण आणि पगाराचा चौथा हिस्सा सोडला. फुकट काहीच मिळाले नाही.

आपल्यावर हा प्रसंग आला तर

आम्हाला जे उपयोगी पडले ते सांगते.

१. दोन्ही शहरे दोघांनी मिळून पाहावीत. प्रेक्षणीय स्थळे नंतर. आधी ड्यूटीच्या वेळेला घर ते रुग्णालय हा प्रवास करून पाहावा. बारा तासांची पाळी दाराबाहेर पाऊल टाकल्यापासून परत येईपर्यंत किती तासांची होते, ते कागदावर लिहावे. आमच्या हिशेबात पुण्याची बारा तासांची रात्र पंधरा तासांची होत होती, मिरजेची तेरा तासांची.

२. तेवढा वेळ वृद्ध व्यक्तीने त्या घरात एकटे बसून पाहावे. औषध दुकान, भाजी, बसायचा बाक, डॉक्टर यांपैकी कोठवर आपण कोणाच्या मदतीशिवाय जाऊ शकतो, ते अजमावावे.

३. निर्णयाआधी दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर आपापली पसंती आणि आपापली भीती लिहावी. दुसऱ्याला काय हवे असेल, ते लिहू नये.

४. गाव सोडण्यापूर्वी जुन्या डॉक्टरांकडून आजारांची आणि चालू औषधांची नोंद लिहून घ्यावी. महिनाभराची औषधे बरोबर ठेवावीत. नव्या गावात पहिल्याच आठवड्यात डॉक्टर ठरवावेत. आजारी पडण्याची वाट पाहू नये.

५. सामान लावण्याआधी स्वच्छतागृहात पकडण्याची दांडी बसवावी आणि वाटेवर रात्रीचा मंद दिवा लावावा. एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असावी. रुग्णवाहिकेचा १०८ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या मदतीचा १४५६७ हे क्रमांक दूरध्वनीजवळ मोठ्या अक्षरांत लिहावेत.

६. परिचारिकेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेतील नोंदणी राज्यातल्या कोणत्याही शहरात चालते. राज्याबाहेर जायचे असेल, तर तेथील परिषदेकडे नोंदणीची चौकशी आधीच करावी.

वर्ष होत आले

आम्ही मिरजेला आलो त्याला आता वर्ष होत आले. पहिला महिना मला जड गेला. दुपारी चारचा फोन झाला की संध्याकाळ अंगावर येई. मग शेजारच्या गिरणीवाल्या वहिनींच्या मुलीला मी मराठी शिकवू लागले. ती घरी कानडी बोलते; मला चार शब्द तिने शिकवले. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी वाढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा छातीत धडधडले, पण आमच्या गल्लीत पाणी आले नाही. दिवाळीला ठरल्याप्रमाणे आठ दिवस अक्काकडे राहून आले.

लेक या आठवड्यात रात्रपाळीला आहे. ती साडेसातला निघते. मी दार लावते, मंद दिवा लावते, रात्रीची गोळी घेऊन झोपते. पहाटे उठताना अंथरुणाच्या कडेला मिनिटभर बसते. सकाळी साडेआठच्या सुमारास कडी वाजते आणि चहा होईपर्यंत ती खुर्चीतच झोपी जाते.

पुण्याच्या त्या रुग्णालयात आजही जागा निघतात, हे मला माहीत आहे. तिच्या मैत्रिणीने परवाच कळवले. पुढच्या महिन्यात आम्ही दोघी पुन्हा चिठ्ठ्या लिहिणार आहोत, तसे आमचे ठरलेच आहे. तिच्या चिठ्ठीत पुणे असेल, तर रुग्णालयाच्या जवळ तळमजल्यावरची एखादी खोली शोधू. माझ्या चिठ्ठीत काय असेल, ते मी अजून ठरवलेले नाही. "माझं काय" हे शब्द मात्र तीत नसतील.